पाऊण इंच

कारवी सात वर्षांनी फुलते. आईला ती डोंगरावर जाऊन बघायची होती, पण गुडघे साथ देईनात. म्हणून मी आमची जुनी जिप्सी वागळे इस्टेटमध्ये गोविंदाच्या गॅरेजला टाकली. उंच स्प्रिंगा, मोठे टायर. गाडी थेट वरपर्यंत चढली पाहिजे, एवढंच सांगितलेलं.

स्प्रिंगा आल्या त्याच आठवड्यात आई गेली.

काम तरी पुरं करून घेतलं. गोविंदाने चाकावर टेप धरली, तर डावी बाजू पाऊण इंच खाली.

"सलिलभाऊ, मोजताना गाडीत कोणी बसायचं नाही," तो सवयीने म्हणाला. मग मान वर करून बघितलं. गाडी रिकामी होती.

त्याने डावी स्प्रिंग उजवीकडे टाकली, उजवी डावीकडे. टायरची हवा बघितली, जमीनही तपासली. तरी डावीच बाजू खाली. आई शेजारी बसली की गाडी एवढीच दबायची.

मी डाव्या खिडकीशी गेलो.

"आई, दोन मिनिटं उतर ना. त्याला माप घेऊ दे."

गोविंदा टेप धरून तसाच बसून राहिला. स्प्रिंग बारीक करकरली आणि डावी बाजू सावकाश वर आली. दोन्हीकडे सारखं माप.

"झालं," तो हळूच म्हणाला.

आईला गाडी चालवायला शिकायचं होतं. दर वर्षी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी शिकवतो.

चावी माझ्या हातात होती. आमच्या डोळ्यांदेखत उजवी बाजू, स्टिअरिंगकडची, हळूहळू पाऊण इंच खाली बसली.