ओट्यावरची वाघीण

"बाई, वाघीण जरा लहान करा न जी!" गाइड सोमाजीने हात जोडले.

जिप्सीतल्या फोटोवाल्या बाईंना हसू आलं. मिश्या मोजता येतील एवढी लांब लेन्स त्यांनी लावली होती. "अहो, लोक वाघ मोठा मागतात!"

"मोठी तं आहेच ते. पण बसली कशावर, तेही येऊ द्या. मागचं मोहाचं झाड येऊ द्या."

सोमाजीचं कोणी खरं मानत नसे, आणि त्यात लोकांची चूक नव्हती. अस्वलाने आपल्याकडे चिमूटभर तंबाखू मागितली, असं तो शपथेवर सांगायचा. त्यामुळे गाव जंगलाबाहेर हलवल्यापासून आपल्या जुन्या घराच्या ओट्यावर वाघीण बसते, ही त्याची एकुलती एक खरी गोष्ट बायकोने तीन वर्षं हसण्यावारी नेली होती. आणि यंदाच्या पावसात ओटा टिकेल, अशी चिन्हं नव्हती.

बाईंनी छोटी लेन्स चढवली. मोह, पडकी भिंत, ओटा आणि त्यावर पाय ताणून पसरलेली नवी मालकीण, सगळं चौकटीत मावलं.

संध्याकाळी सोमाजीने बाईंनी पाठवलेला फोटो मोबाइलवर बायकोपुढे धरला. "आता बोल! थाप आहे का?"

दोन बोटांनी तिने ओटा मोठा करत नेला, इतका की वाघीण चौकटीबाहेर गेली.

"अजी," ती हळूच म्हणाली, "सारवायला झाला न ओटा."