फोरमनकाकांची सही

“रेकॉर्डवर तुम्ही अजून हेल्परच आहात. पंप तुम्हीच चालवले, यावर जुन्या फोरमनची सही आणा,” ऑफिसातली बाई म्हणाली. आमचा विभाग बंद होत होता आणि दुसऱ्या पंपहाऊसात ऑपरेटरच्या जागेसाठी कंपनीतल्यांचे अर्ज आज संध्याकाळपर्यंतच घेणार होते. मी धावतपळत फोरमनकाकांच्या घरी गेलो. वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली पंप मीच सांभाळले, पण त्या कामाच्या नोंदीचं काढलं की ते म्हणायचे, “अरे, तुझं सगळं माझ्या डोक्यात आहे.” काकूंनी दार उघडलं. “हल्ली मलाच ओळखत नाहीत रे,” त्या म्हणाल्या. मी काकांना एकेका पंपाची आठवण करून दिली, हातापाया पडलो. “आपण कोण?” त्यांनी विचारलं. शेवटी अर्ज खिशात कोंबला. हाताला वायसर लागला. तो घालून बेसिनचा गळका नळ नीट केला. काकांचा चेहरा खुलला. “हात चांगलाय तुझा. ये आमच्या पंपहाऊसात. नोंदीची काळजी नको, सगळं माझ्या डोक्यात राहील.”