वगळलेलं पान

"मॅडम, ते शब्द तुम्ही शिकवलेच नव्हते!" इंग्लंडहून व्हिडिओ कॉलवर एस्तेर रडत होती. नगरच्या क्लासमध्ये मृदुलाबाईंनी तिला सहा महिने इंग्रजी शिकवलं होतं. आता ती तिथल्या एका वृद्धाश्रमात नर्स होती.

तिथले एक आजोबा तिला रोज सकाळी तेच दोन शब्द म्हणायचे. काहीतरी शुभेच्छा असतील असं समजून तीही हसून उत्तर द्यायची, "सेम टू यू!" परवा आजोबांच्या मुलीने ते ऐकलं आणि तक्रार केली. ते दोन शब्द म्हणजे घाणेरडी शिवी होती. आता एस्तेरची चौकशी लागली होती.

मृदुलाबाई स्वतःवरच चडफडल्या. असल्या शब्दांचं एक पान त्यांनी मागेच तयार केलं होतं. "चांगल्या घरच्या मुलींना शिव्या शिकवणार?" म्हणत क्लासचे मालक कुलथे यांनी ते काढायला लावलं, आणि नोकरी जाईल या भीतीने त्या गप्प बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी ती शिवी फळ्यावर लिहिली. मुली माना खाली घालून हसू लागल्या. तेवढ्यात कुलथे आत आले.

"मॅडम, आधी पुसा ते!"

"सर, द्यायला नाही शिकवत. कुणी दिली तर यांना कळायला नको?"

"माझ्या क्लासमध्ये हे चालणार नाही." त्यांनी स्वतःच डस्टर उचलून फळा पुसला.

मृदुलाबाई मुलींकडे वळल्या. "वह्या काढा," त्या म्हणाल्या, आणि मोठ्याने स्पेलिंग सांगू लागल्या.