मत्स्यालयातल्या जोड्या

मुंबईच्या मत्स्यालयात शिरताना मॅडमनी हजेरी नंबराप्रमाणे जोड्या लावल्या, तिथेच दक्षाच्या पोटात दुखायला लागलं. पहिलीपासून तिच्या बाकावर बसणारी निलम गेली घोलवडहून नवीन आलेल्या हेतलबरोबर. दक्षाच्या वाट्याला आली बडबडी रविना.

"अगं, ते कासव बघ केवढं आहे," रविना तिचा हात ओढत होती. पण दक्षाचे डोळे पुढच्या काचेपाशी. हेतलने पिशवीतून चिकूचे चिप्स काढले. निलमने घेतले. वर हसलीसुद्धा.

"मी आणले की म्हणते चिकूचा कंटाळा आलाय. आता बरे गोड लागतायत," दक्षा पुटपुटली. तेवढ्यात निलमने मागे वळून पाहिलं. दक्षाने लगेच रविनाच्या गळ्यात हात टाकला आणि काही नसताना खो खो हसली. जळू दे तिलाही जरा.

संध्याकाळी आशागडला घरी आल्यावर आईने विचारलं, "काय काय बघितलंस गं?"

"मासे."

"कोणते?"

दक्षाने पुष्कळ आठवून पाहिलं. हेतलच्या रिबिनी गुलाबी होत्या, एवढंच आठवलं.

"होते रंगीत. पाण्यात."

"पाण्यात होते होय? बरं झालं सांगितलंस," म्हणत आई भाकरीकडे वळली.

इतक्यात बाबांच्या फोनवर निलमचा मेसेज आला.

"दक्षा, मासे कोणते कोणते होते ते लवकर लिहून पाठव ना. घरी सगळे विचारतायत, आणि मी दिवसभर तुला नि त्या रविनालाच बघत होते."