खरबुजाच्या वासाचा झुरका

आमच्या बिश्केकमध्ये वडीलधाऱ्यांसमोर कुणी धूर काढत नाही. म्हणून ओश बाजाराच्या बसथांब्यावर माझे होणारे सासरे कुबातबेक समोर दिसताच मी हातातली ई-सिगारेट बाहीत सरकवली आणि नुकताच ओढलेला झुरका छातीतच कोंडला.

मी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

“काय मेलिस, घरी सगळे बरे?” त्यांनी विचारलं.

आणि त्यांच्या तोंडून पांढरा धूर निघाला. खरबुजाच्या वासाचा. माझा.

मी ओठ मिटून नुसती मान हलवली. थंडीतली वाफ म्हणावी, तर भर उन्हाळ्याची दुपार होती.

शेजारी उभी असलेली एक बाई भाजीची पिशवी सावरत कडाडली, “अहो आजोबा, या वयात शोभतं का हे? लेकरं आहेत इथे!”

“मी? बाई, मी जन्मात तंबाखूला हात लावला नाही!”

शब्दागणिक धूर. लोक हसायला लागले. त्यांनी तोंडावर हात दाबला, तरी बोटांच्या फटींतून धूर येतच राहिला. बावरून ते माझ्याकडे बघू लागले.

आता गप्प राहणं बरं नव्हतं. लग्न मोडलं तर मोडलं. मी तोंड उघडलं.

धूर आला नाही. आवाजही आला नाही.

सासऱ्यांचा हात हळूहळू खाली आला. डोळे तसेच बावरलेले. ओठ हलले आणि त्यांच्या तोंडून माझा आवाज आला, “बाबा, माफ करा. झुरका माझा होता.”