छातीचा पट्टा

सकाळी मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरबाईंचा फोन आला. धावणाऱ्यांच्या हृदयावर त्यांचं संशोधन चाललं होतं. तळ्याकाठी मॅरेथॉनच्या सरावाला जाताना शैला त्यांनी दिलेला पट्टा छातीला बांधायची. तिचे ठोके त्यांना तिकडे पडद्यावर दिसायचे.

"काका, काकूंचे ठोके दिसत नाहीयेत."

"घामानं पट्टा सरकला असेल. ती काय मध्येच थांबणाऱ्यातली आहे?"

"तेही खरंच," म्हणत त्या हसल्या.

दुसरा फोन तळ्याकाठच्या चहावाल्याचा आला. तो रडत होता.

तेराव्यानंतर डॉक्टरबाई घरी आल्या. "काकूंची शेवटची नोंद अभ्यासात वापरू का? पुढच्या कुणाला तरी वेळीच थांबवता येईल."

शैलानं लगेच हो म्हटलं असतं. मला अजून म्हणता आलेलं नाही.