खिळ्यावरची रोटी

आमच्या समरकंदमध्ये प्रवासाला निघालेला माणूस रोटीचा एक चावा घेऊन जातो. उरलेली रोटी तो परतून संपवेपर्यंत भिंतीवर टांगायची. माझ्या कादंबरीतला खुनी सावजाच्या घरी असाच चावा घेतो, "मारायला येईन" म्हणून जातो आणि परतत नाही.

त्या कादंबरीला कुत्र्यानंही विचारलं नाही. बोतिर नावाच्या एकट्या वाचकानं ती पाठ केली आणि घरी भांडायला आला.

"उस्ताद, रोटी टांगलीत आणि माणूस परत आणला नाहीत? लाज नाही वाटत?" त्यानं आमच्या रोटीचा चावा घेतला. "मीच येतो आता."

"मेला वेडा!" म्हणत माझ्या बायकोनं, गुलचेहरानं, ती टांगली. टाकणार कशी?

दार आतून बंद असतं. तरी रोज सकाळी एक घास कमी.

आज खिळा रिकामा होता.

"अहो, कुणाशी बोलताय?" गुलचेहरानं आतून विचारलं.

मी तर गप्प उभा होतो.